दुदाच्या पोटातली लोकर

लोकर गरम पाण्यात घालून घुसळली की तिचा आकसून घट्ट नमदा होतो, हे आमच्या डोंगरात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. ठाऊक नव्हतं ते फक्त माझ्या सुनेला. मी हाताने शिवलेली बाहुली तिने वॉशिंग मशीनमध्ये टाकली, सगळ्यात कढत पाणी लावलं आणि निघून गेली कामावर. संध्याकाळी आतून निघाली ती बाहुली नव्हती, फडक्यात बांधलेला बटाटा होता.

"आई, ती आकसली हो," रालित्सा फोनवर म्हणाली.

"आकसेल नाही तर काय नाचेल? अगं, मेंढीची लोकर आहे ती!"

"पण डॉक्टरांनी सांगितलंय ना. उशी, पांघरूण, बाहुली, सगळं दर आठवड्याला गरम पाण्यातून काढायचं. जे धुता येणार नाही ते घरात नको."

आता रागवायचं कोणावर? माझी नात नेवेना पाच वर्षांची. गेल्या हिवाळ्यापासून तिला दम्याने धरलंय. रात्री खोकायला लागली की सगळं अंग आवळून येतं पोरीचं. लोकरीचा तिला त्रास नाही, तपासून घेतलंय. त्रास आहे तो अंथरुणातल्या धुळीत राहणाऱ्या बारीक किड्यांचा, आणि ते मरतात गरम पाण्यानेच. म्हणजे डॉक्टर बरोबर, सून बरोबर, सगळे बरोबर. मला तर ह्याचाच संताप येतो. सगळेच बरोबर असले की माणसाने भांडायचं तरी कोणाशी?

आणि दुदाशिवाय नेवेना झोपत नाही. दुदा म्हणजे ती बाहुली. तिला छातीवर ठेवते, तिचं वजन जाणवलं की डोळे मिटते. दुदा नसली की रडते, रडली की खोकते, खोकली की सगळं घर जागं. माझ्या मुलाने, यावोरने, बाजारातून एक ससा आणून दिला, पोटात तो प्लास्टिकचा कापूस भरलेला. कितीही धुवा, तसाच्या तसा. नेवेनाने तो हातावर तोलला आणि पलंगाखाली फेकून दिला.

"ह्यात कोणी नाहीये," म्हणाली.

खरं सांगते, हे ऐकून मला बरं वाटलं. पण लगेच रालित्सा म्हणाली, "आई, आम्ही नोव्हेंबरात येतोय. तोवर धुता येईल अशी दुदा करून ठेवा. नाही जमलं तर तिला सांगून टाकू, दुदा गेली म्हणून."

"गेली म्हणजे कुठे गेली?"

"गेली म्हणजे गेली, आई. किती दिवस चालवायचं असं?"

झालं, माझ्या डोक्याला ताप सुरू. मी बाहुल्या करायला लागले तेव्हा यावोर रांगत होता. स्मोल्यानच्या बाजारात माझ्या बाहुल्या लोक नाव घेऊन मागतात. आणि आता माझ्याच नातीची एक बाहुली मला भरता येईना! आधी कापूस भरून बघितला. एका धुण्यात त्याचे गोळे झाले, दुदाला मानेवर गाठ आणि गुडघ्यात आवाळू. वाळेना तर मुळीच. चुलीमागे टांगून ठेवली तरी आतून ओलीच, शेवटी कुबट वास सुटला. म्हणजे किडे गेले आणि बुरशी आली, आगीतून फुफाट्यात. मग जवसाचा वाख भरला. तो धुतला जातो, वाळतोही, पण बाहुली अशी खरखरीत की तिला कुशीत घेण्यापेक्षा तिने भांडी घासावीत.

त्यात सल्ले देणाऱ्यांना काही कमी नाही. शेजारची वेलिका म्हणाली, पिसं भर. दम्याच्या पोरीला पिसं! उंटावरची शहाणी. आणि माझा नवरा झाफिर, जो लाकडाच्या वखारीतून निवृत्त झाल्यापासून खाटेवरून उठून फक्त फळांची दारू, राकिया, ओतून घ्यायला जातो, तो म्हणाला, "आपला घेवडा भर की. वजनदार आहे."

"आणि गरम पाण्यात घातल्यावर?"

"मग सूप होईल," तो म्हणाला आणि स्वतःच हसत बसला.

मी त्याच्या अंगावर भिजलेली बाहुली फेकली.

डोक्यात प्रकाश पडला तो अशाच वैतागात, रजया कपाटात कोंबताना. अगं बाई, रजई कोणी अख्खी धुतं का? लग्न होऊन ह्या घरात आल्यापासून दर उन्हाळ्यात मी रजया आणि गाद्या उसवत आलेय. लोकर बाहेर काढायची, खोळ वेगळी धुवायची, लोकर वेगळी. मग सगळ्या बायका अंगणात बसून ती बोटांनी मोकळी करतात, गावाची उणीदुणी काढतात आणि परत भरतात. बाहुली म्हणजे तरी काय, हातपाय फुटलेली रजईच! एवढी साधी गोष्ट मला सुचू नये? कपाळावर हात मारून घेतला.

दुदाला मी नवं अंग शिवलं, पाठीला बटणं ठेवली. खोळ खुशाल मशीनमध्ये जाऊ दे. लोकर टपात घालायची, वरून कढत पाणी ओतायचं आणि हात लावायचा नाही. ढवळायचं नाही, चोळायचं नाही, पिळायचं नाही. पाणी आपलं आपण निवू द्यायचं. लोकरीचा नमदा नुसत्या उष्णतेने होत नाही, माणसाच्या घाईने होतो. मूठभर लोकरीवर करून बघितलं. मऊसूत! मग बाहुलीपुरती स्वच्छ लोकर निवडून सगळी भिजवली.

पण नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं. नोव्हेंबरातलं आमच्याकडचं ऊन म्हणजे नावापुरतं. लोकर वाळता वाळेना. आज चुलीपाशी, उद्या माळ्यावर, असं करत करत ती एकदाची वाळली, पोत्यात भरून ठेवली, आणि त्याच सकाळी मी कात्री घ्यायला गेले तर कात्रीचं तोंड लाल दोऱ्याने करकचून बांधलेलं. लांडग्याचे दिवस लागले होते. माझ्या लक्षातच राहिलं नव्हतं.

ह्या दिवसांत आमच्याकडे बायका लोकरीला हात लावत नाहीत, सुई धरत नाहीत. कात्री उघडली की लांडग्याचा जबडा उघडतो म्हणतात. ह्या दिवसांत केलेलं जो पहिल्यांदा अंगाला लावेल त्याचा माग लांडगा काढतो. दरवर्षी मीही पाळते. खरं सांगायचं तर बोटांना विश्रांती मिळते म्हणून पाळते. पण यावोर त्याच शनिवारी येणार होता, रविवारी परत जाणार होता, आणि लांडगे त्यानंतरही मुक्कामाला होते.

मी चुलीपाशी गेले. माझ्या सासूबाई, स्तामेना, वय ऐंशीच्या पुढे, लोकरीच्या पोत्यावर बसल्या होत्या. हातात जपमाळ, तोंड भिंतीकडे.

"आई, उठा. पोतं पाहिजे मला."

"नाही मिळायचं."

"अहो, बाहुली भरायचीय. नेवेनाची."

"म्हणूनच नाही मिळायचं. दुसऱ्या कोणाची असती तर उठलेही असते."

"आई, ह्या डोंगरात लांडगा शेवटचा कोणी बघितलाय?"

"लांडग्याने ज्याला बघितलं त्याला विचार," म्हणाल्या. "पोरीच्या छातीवर आधीच काहीतरी बसलंय. तिचा श्वास धरतंय. आणि तू ह्या दिवसांतली लोकर तिच्या छातीवर ठेवणार? अक्कल कुठे गहाण टाकलीस?"

"आणि बाहुली नाही मिळाली तर ती रडणार, रडली की खोकणार! ते चालतं तुम्हाला?"

त्या मणी सरकवत राहिल्या. हात टेकले मी. जेवायलाही तिथेच, पेंगायलाही तिथेच. चीज भरून बानित्सा भाजली, वास सुटला, तरी उठल्या नाहीत, म्हणाल्या इथेच आण. बाकी कामापुरत्या उठल्याच तर पोतं बरोबर घेऊन जायच्या, काखेत मारून! मी झाफिरला म्हटलं, तुझी आई आहे, तू सांग.

"आई माझी, बायको माझी," तो म्हणाला. "मी मध्ये पडलो तर लांडग्याला काही उरायचंच नाही."

वेलिकाकडे लोकर मागायला गेले तर तिने दार अर्धवटच उघडलं. पिसं देते म्हणाली.

शनिवारी ते आले. नेवेना गाडीतून उतरली ती घरात धावत, आणि दारातच तिला धाप लागली. डोळ्यांखाली काळं. रालित्साचे डोळेही तसेच, किती रात्री झोपली नव्हती कोण जाणे. तिला बघून माझा राग अर्धा विरला, आणि त्याचाही मला राग आला.

"झाली का दुदा?" रालित्साने हळूच विचारलं.

मी नवं अंग दाखवलं. चेहरा काढलेला, केस लावलेले, कपडे इस्त्री केलेले, आणि आत काही नाही.

"म्हणजे नाही झाली."

"झालीय. तुझ्या आजेसासू तिच्यावर बसल्यात."

मी सगळं सांगितलं. रालित्साने आधी यावोरकडे पाहिलं, मग सासूबाईंकडे. "लांडगा," ती म्हणाली. "मी रात्र रात्र औषधाचं नळकांडं हातात धरून बसते, आणि इथे लांडग्यासाठी बाहुली थांबलीय. बास. आई, मी तिला सांगते, दुदा गेली म्हणून. मला आता नाही सहन होत हे."

"थांब जरा," मी म्हटलं, पण तोवर नेवेनाने ते रिकामं अंग माझ्या हातातून घेतलं होतं. तिने ते तोलून पाहिलं. छातीला लावलं. माझा तर जीव वर गेला, आता हीही पलंगाखाली जाणार. पण तिने फेकलं नाही. पाठीची बटणं उघडून आत हात घातला आणि विचारलं, "आजी, हिचं पोट कुठंय?"

"तिकडे, पोत्यात."

ती चुलीपाशी गेली. सासूबाईंसमोर उभी राहिली. तेवढं चालूनच तिची छाती वाजायला लागली होती, खोलीभर ऐकू येत होती.

"पणजी," ती म्हणाली, "तू तिच्या पोटावर बसलीयेस."

कोणी हसलं नाही. सासूबाई तिच्या छातीकडे बघत राहिल्या, ते वाजणं ऐकत राहिल्या. मग त्यांनी जपमाळ खिशात घातली आणि भिंतीला धरून उठल्या.

"दाफिना, कात्री आण," मला म्हणाल्या.

कात्रीचा लाल दोरा त्यांनी स्वतः सोडला. मला वाटलं, चला, सुटलो. मी पोत्यात हात घालणार, तेवढ्यात त्यांनी माझ्या हातावर चापट मारली. अंगातल्या जाकिटाची शिवण त्यांनी कात्रीने उसवली, पहिली मूठ लोकर उचलली आणि आत कोंबली, बरोबर छातीपाशी.

"आता ही लोकर मी पहिल्यांदा अंगाला लावली," त्या म्हणाल्या. "लांडग्याला माग काढायचाच असेल तर माझा काढू दे. म्हाताऱ्या मांसावर त्याचे दात पडले तर पडले. शीव हे."

आठवडाभर मी ह्या बाईला मनातल्या मनात काय काय म्हणाले होते! सुईत दोरा ओवता येईना मला. डोळे भरले होते, उगाच लपवत नाही. अंगावर असलेलं कापड शिवू नये म्हणतात, म्हणून दोष टाळायला दोऱ्याचं एक टोक त्यांच्या दातांत दिलं आणि शिवलं.

शिवून होतंय तोच रालित्सा शेजारी येऊन उभी राहिली. कोट काढून तिने त्याच्या अस्तरात बोट घातलं आणि टर्रकन फाडलं.

"ह्यातही घाला थोडी."

"तुझा ह्यावर विश्वास नाही ना?"

"नाही," ती म्हणाली. "घाला."

घातली. मग यावोरने टोपी पुढे केली. मग झाफिर खाटेवरून उठला, राकियासाठी नव्हे, आणि त्याने स्वेटरची बाही पुढे केली. मी आपली गपचूप एक चिमूट ॲप्रनच्या दुमडीत सरकवली, मला कोणी विचारलंच नव्हतं. एवढं झाल्यावर मग दुदाचं डोकं भरलं, पोट भरलं, हात भरले, एक पाय भरला, आणि पोतं रिकामं! बाहुलीपुरतीच लोकर निवडली होती मी, सगळ्या खानदानाला वाटायला नव्हे. धुतलेली दुसरी नाही, आणि न धुतलेली घालायची सोय नाही. जीव अगदी मेटाकुटीला आला माझा.

नेवेनाने बाहुली घेतली. तोलली.

"आहे," ती म्हणाली. "आहे ती." मग तिला तो लोंबकळणारा पाय दिसला. "आणि हिचा पाय?"

सासूबाई जाकीट सारखं करत रिकाम्या पोत्यावर बसल्या आणि तिला मांडीवर ओढून घेतलं.

"पाय आमच्यापाशी आहे," त्या म्हणाल्या. "सगळ्यांकडे थोडा थोडा. लांडगे गेले की परत देऊ."

नेवेनाने मान डोलावली, दुदाला छातीवर ठेवलं आणि तिथेच, पणजीच्या मांडीवर, डोळे मिटले.