धोंड सरकली की मीठ

या, असे जवळ सरकून बसा. पाठ टेकायची असेल तर भिंतीकडची जागा घ्या, पण कान इकडे असू द्या. जॉर्जियातल्या आमच्या टेकडीवरच्या बॅप्टिस्ट चर्चमध्ये एका थँक्सगिव्हिंगला, म्हणजे टर्कीच्या सणाला, लुडेला मॅपने टर्कीवर ओतायची ग्रेव्ही कशी केली, ते आज सांगणार आहे. ऐकून म्हणाल, असं कुठे होतं का. झालं. पदरचं काही घालत नाही.

आमच्याकडे प्रवचन नुसतं बोलत नाहीत, गातात. सुरुवात साधी असते, शेजाऱ्याने कुंपणापाशी उभं राहून चार गोष्टी सांगाव्यात तशी. मग हळूच शब्दांना सूर लागतो, मागून ऑर्गन साथ धरतो, आणि बोलणं कुठे संपलं, गाणं कुठे सुरू झालं ते कुणालाच सांगता येत नाही. शेवटी वधस्तंभ येतो, मग कबरीवरची धोंड सरकते, प्रभू उठतो, आणि सगळं चर्च उभं राहतं. त्या शेवटच्या पाच मिनिटांसाठी माणसं गुडघेदुखी विसरून टेकडी चढतात.

चर्चचं स्वयंपाकघर खाली, तळघरात. व्यासपीठाच्या बाजूला जमिनीत गरम हवेची लोखंडी जाळी आहे, तिच्यातून वरचं प्रवचन खाली येतं आणि खालचा वास वर जातो. या जाळीखाली उभं राहून मदर झेनोबिया मॅपने एकतीस वर्षं थँक्सगिव्हिंगची ग्रेव्ही केली. घड्याळ नाही, माप नाही. प्रवचन ऐकायचं आणि पळी फिरवायची. मार्चमध्ये ती देवाघरी गेली. जाण्याआधी सुनेला, म्हणजे लुडेलाला, जवळ बसवून तिने कृती सांगितली. कागद सापडेना म्हणून लुडेलाने ती चर्चमधल्या पुठ्ठ्याच्या हातपंख्यावर मागच्या बाजूला लिहून घेतली. चारच ओळी होत्या.

पीठ: सूर लागला की.
रस्सा: वधस्तंभापाशी.
मीठ: धोंड सरकली की.
उतरव: आमेन.

पीठ किती, असं लुडेलाने विचारलं होतं. म्हातारी म्हणाली, सूर किती लागलाय त्यावर आहे ते. त्यानंतर ती झोपली, आणि पुढचं विचारायचं राहूनच गेलं.

लुडेलाने उन्हाळ्यात घरी दोनदा करून पाहिली, घड्याळ लावून. पहिल्या वेळची तिच्या नवऱ्याने पाण्याबरोबर गिळली. दुसऱ्या वेळच्या ग्रेव्हीने त्याने खुर्चीचा निखळलेला पाय बसवला, तो अजून पक्का आहे. तेव्हा लुडेलाला कळून चुकलं की ही घड्याळाची ग्रेव्ही नव्हे.

इकडे स्वयंपाकघर समितीच्या अध्यक्षा सिस्टर अर्नेस्टीन बॅटल. बाई मनाने वाईट नव्हत्या, पण व्यवहारी. त्यांच्या पिशवीत तयार ग्रेव्हीच्या भुकटीची दोन डझन पाकिटं होती. गरम पाणी ओतायचं, ढवळायचं, झालं. त्यांनी समितीत सरळ मांडलं होतं की या वर्षी लुडेलाची ग्रेव्ही जमली तर उत्तम, नाही जमली तर पुढच्या वर्षीपासून पाकिटं, कायमची. कुणी हरकत घेतली नाही. लुडेला त्या रात्री नवऱ्याला म्हणाली, की तुझ्या आईची एकतीस वर्षं माझ्या हातात येऊन पावडर झाली तर मी तिला वर जाऊन तोंड कसं दाखवू.

आणि नेमका आठवडाभर आधी आमच्या रेव्हरंड टार्व्हरांचा घसा बसला. मंगळवारपर्यंत आवाज म्हणून काही उरलाच नाही, पाटीवर लिहून बोलू लागले. थँक्सगिव्हिंगचं प्रवचन आलं लमार पेटवेवर. लमार पस्तिशीचा, पोस्टमन. दोन वर्षं उपदेशक व्हायचं शिकत होता. बोलायचा छान, पण त्याला गाताना कुणी ऐकलं नव्हतं.

गुरुवारी अकराला प्रवचन सुरू झालं तेव्हा खाली सहा टर्क्या भाजून तयार होत्या. सहा तसराळ्यांत त्यांचा गळलेला तपकिरी रस आणि चरबी साठली होती. दर वर्षी एका टर्कीचा रस पुरायचा, बाकीचा मक्याच्या पावाच्या कुस्कऱ्यात जायचा. माना आणि कलेजी-पेट्याचा रस्सा मोठ्या पातेल्यात उकळत होता. लुडेलाने पहिली चरबी लोखंडी कढईत काढली, पंखा मिठाच्या डब्याला टेकवून ठेवला आणि जाळीकडे कान लावला.

लमार पहिली वीस मिनिटं बोललाच. बॅटलबाईंनी पाण्याचं भांडं चुलीवर ठेवलं. मग वरून 'हं' असा एक लांब हुंकार आला, ऑर्गनने त्याला उचललं, आणि पोस्टमनला सूर लागला. काय सूर लागला. लुडेलाच्या हातून पीठ आपोआप पडलं. चरबीत पीठ फुलू लागलं, खमंग वास सुटला, रंग पेनीच्या तांबूस नाण्यासारखा झाला, आणि त्याच क्षणी लमार वधस्तंभापाशी पोचला. तिने रस्सा ओतला. चर्र झालं. ग्रेव्ही अशी जमत आली की तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मिठाची चिमूट हातात घेऊन ती थांबली. आता धोंड सरकायची.

धोंड सरकली नाही. वर जरा शांतता झाली, आणि लमार म्हणाला, की यावरून मला नोहाची आठवण होते.

बॅटलबाई म्हणाल्या, होतं असं, नवीन आहे. पण नोहाचं तारू पाण्याला लागलं तसा लमारचा सूर परत नव्याने लागला. लुडेलाने पंख्याकडे पाहिलं. सूर लागला की पीठ. पहिल्या कढईत आणखी पीठ टाकलं असतं तर गुठळ्या झाल्या असत्या, म्हणून तिने दुसऱ्या टर्कीची चरबी दुसऱ्या भांड्यात घेतली आणि पीठ परतायला घेतलं. पूर ओसरला, लमार पुन्हा वधस्तंभापाशी आला, रस्सा पडला. पुन्हा शांतता. यावरून मला योनाची आठवण होते.

माशाच्या पोटातल्या योनाची तिसरी. यहेज्केलाच्या सुक्या हाडांची चौथी, आणि तिथे रस्सा संपला, म्हणून कोलार्डच्या पालेभाजीचं पाणी ओतलं. आतापर्यंत वास जाळीतून वर पोचून साऱ्या चर्चमध्ये भरला होता. माणसं भुकेने चुळबुळ करत होती, काही उभी राहिली, कुणी हात वर केले, मागच्या बाकावरून कुणी कळवळून 'प्रभू, आता तरी' म्हणालं. लमारला वाटलं, आपले शब्द लोकांच्या काळजाला लागले. तो सिंहांच्या गुहेतल्या दानिएलाकडे वळला.

खाली चार भांडी चुलीवर, पाचवं ओव्हनच्या डोक्यावर, आणि एकातही मीठ नाही. बॅटलबाईंनी पिशवी बाजूला ठेवून केव्हाच पळी हातात घेतली होती. एकाला ढवळावं तर दुसरं तळाला लागायचं. लुडेला दमून म्हणाली, सिस्टर बॅटल, घालून टाकायचं का मीठ, कोण बघतंय.

बॅटलबाईंनी पळी थांबवली. "धोंड सरकायच्या आधी?" त्या म्हणाल्या. "मी पाकिटवाली असेन, बाई. प्रभूला सुळी देणाऱ्या पिलाताची माणूस नाही."

मोशेचा तांबडा समुद्र दुभंगला तेव्हा सहाव्या टर्कीची चरबी गेली. सहाव्यांदा वधस्तंभ आला, रस्सा म्हणून साधं पाणी पडलं, आणि लुडेला हातात मीठ घेऊन, डोळे मिटून उभी राहिली. वर शांतता. मग लमारचा आवाज आला, आता पार घोगरा झालेला, की यावरून मला कोणाची तरी आठवण होते.

कोणाची, ते त्याला आठवेना. पण सूर लागू लागला होता, आणि खाली टर्कीची चरबीच उरली नव्हती.

चालू प्रवचनात आमच्याकडे कुणी मधल्या वाटेने चालत नाही. चालावंच लागलं तर एक बोट वर धरून, मान खाली घालून, माफी मागितल्यासारखं जायचं. लुडेलाने पहिली कढई, सगळ्यात जमलेली, कडेवर मूल घ्यावं तशी टॉवेलात घेतली. दुसऱ्या हातात पळी, कारण ढवळणं थांबवता येत नव्हतं. मिठाची पुडी बांधून तिने दातांत धरली. बोट वर करायला हात उरला नाही, तेव्हा तिने पळीच्या दांड्यावरून एक बोट वर काढलं, आणि तशी, ढवळत ढवळत, जिना चढून वर आली.

पांढऱ्या हातमोज्यांतल्या अशरबाया, म्हणजे लोकांना जागा दाखवणाऱ्या सेविका, धावल्या. त्यांना वाटलं, हिच्या अंगात पवित्र आत्म्याचा संचार झालाय. एकीने पंखा घालायला घेतला, दुसरीने पडू नये म्हणून कंबर धरली. ऑर्गनवाल्याने तिची पळी पाहिली आणि तिच्या तालावर वाजवू लागला. अशी ती तिघींची मिरवणूक, मध्ये वाफाळती कढई, सगळ्या चर्चमधून पुढे निघाली. उपाशी माणसं माना वळवून बघत राहिली. हे बघून काही जणांना खरोखरच संचार झाला.

व्यासपीठापाशी येऊन लुडेलाने वर पाहिलं, आणि खालून सहा वेळा जे कळलं नव्हतं ते तिला कळलं. लमार भ्यायला होता. कॉलर भिजलेली, हात व्यासपीठाच्या कडेला घट्ट. वधस्तंभानंतरचा जो सूर, ज्याच्यासाठी माणसं टेकडी चढतात, तो लागेल की नाही याची त्याला खात्री नव्हती. म्हणून प्रत्येक वेळी तो त्या कड्यापर्यंत जाऊन, बायबल उलटं चाळत जुन्या गोष्टींकडे मागे पळत होता. तिला एकदम त्याच्याबद्दल माया दाटून आली. घड्याळ लावून ग्रेव्ही करणारी ती, तिला हे कसं न कळावं.

तिने पुडी तोंडातून काढून हातात घेतली.

"ब्रदर पेटवे," ती म्हणाली, "आवाज फुटला तर फुटू दे. तू फक्त धोंड सरकव. माझं मीठ राहिलंय."

लमारने कढईत पाहिलं. तोही सकाळपासून उपाशी होता. मग त्याने डोळे मिटले आणि तो सूर धरला. तो फुटला. मधोमध तडकला, कोंबडा आरवताना अडखळावा तसा. पण फुटलेल्या त्या आवाजातून धोंड अशी घरंगळली की खिडक्यांच्या काचा थरथरल्या. सगळं चर्च उभं राहिलं. रेव्हरंड टार्व्हरांनी पाटी फेकली. लुडेलाने मीठ टाकलं, आणि जाळीखालून एक आरोळी आली. बॅटलबाई पाच भांड्यांभोवती धावत, मूठमूठ मीठ टाकत प्रभूचं नाव घेत होत्या.

आमेन झाल्यावर सगळे खाली आले. पहिलं ताट बॅटलबाईंनी वाढून घेतलं, मक्याच्या कुस्कऱ्यावर ग्रेव्ही ओतली आणि उभ्या उभ्याच खाल्लं. लुडेला त्यांच्या जबड्याकडे बघत होती. बाईंनी ताट पुसून खाल्लं, आणखी घेतलं, मग समितीच्या चौघींना बोलावून म्हणाल्या, की पुढच्या वर्षी ग्रेव्ही लुडेलाचीच, आणि प्रवचन कुणाचं आहे ते टर्क्या आणायच्या आधी मला कळलं पाहिजे. कुणी हरकत घेतली नाही.

ग्रेव्ही मात्र संपेना. लोकांनी दुधाच्या बाटल्यांतून नेली, फुलदाणीतून नेली. रस्त्यापलीकडच्या मेथडिस्ट चर्चवाल्यांना एक बादली पाठवली. त्यांनी ती परत केली, धुऊन, आणि आणखी आहे का म्हणून विचारलं. लमारने पुढच्या सोमवारी टपालाबरोबर दारोदार दोन-दोन बरण्या वाटल्या, आणि प्रत्येक दारात त्याला कुणी ना कुणी सांगितलं, की बाबा, तो फुटलेला सूर पुन्हा ऐकव.

तर मंडळी, गाणारा जेव्हा वर सूर लावतो आणि तुम्ही डोळे मिटून डोलता, तेव्हा जरा जमिनीकडेही कान द्या. तिथे कुणीतरी मिठाची चिमूट हातात घेऊन, न टाकता, तुमच्याबरोबर ऐकत उभी असते. लुडेला मॅपची तेवढी आठवण ठेवा.