सरकलेली तार

"मी काय उसवलेली उशी आहे? परवा शिवलं, आता परत चिरणार म्हणे," आई माझ्या कानाशी पुटपुटली. मानेतून आत सोडलेल्या तात्पुरत्या तारेमुळे तिला मान वळवायची बंदी होती, म्हणून कुरकुरही छताकडे बघूनच.

नऊ दिवसांपूर्वी तिला पेसमेकर बसवला होता. घरी आल्यावर चौथ्या दिवशी त्याची हृदयातली तार जागची सरकली. आधी नुसत्या उचक्या. "कोण आठवण काढतंय गं?" म्हणून आम्ही हसलोसुद्धा. मग ती मोरीच्या दाराशी कोसळली.

आता दवाखान्यात, तिच्या पलंगाच्या पायथ्याशी दादा तक्रारअर्ज लिहीत होता. "तार धड अडकवलीच नव्हती. कालची पोर, आणि म्हणे डॉक्टर!"

वहिनी चादरीची सुरकुती काढत होती. एकच सुरकुती, कधीची.

महिनाभर डावा हात खांद्याच्या वर नेऊ नका, कपडे पुढून उघडणारेच घाला, असं डॉक्टरीणबाईंनी मला दोनदा बजावलं होतं. पण ती कोसळली त्या सकाळी आईला बघायला माणसं यायची होती आणि तो बटणांचा गाऊन अगदीच कळकट दिसत होता. मी गळ्यातून घालायचा नवा झगा काढला. वहिनीने उजवी बाही धरली, मी डावी.

"अगं, दुखतंय."

"झालंच आई, नखरे नकोत."

पाहुणे म्हणाले, "छान ठेवलंय हो आईला!" मी फुलून गेले होते. आज आठवलं की कानशिलं तापतात.

डॉक्टरीणबाई आत आल्या. डोळे तारवटलेले. "हात वर गेला होता का?"

"झोपेत गेला असेल," आई घाईघाईने म्हणाली.

"कधीकधी आपोआपही सरकते. माझंही चुकलं असेल."

"असेल नाही, चुकलंच!" दादाने कागद माझ्यापुढे सरकवला. "तू घरी होतीस. कर सही."

चादरीखालून आईने माझं बोट दाबलं. गप्प बस, असं. लहानपणी मी काही फोडलं की दाबायची, तसंच.

मी बोट सोडवून घेतलं.

"दादा, तिचा हात मी वर केला. ती दुखतंय म्हणत होती, तरी केला."