कारखान्याचा कापूस

डॉक्टरांनी आईला विचारलं, "कारखान्यात तुम्ही कुठल्या खात्यात होता?"

आई हसायला गेली आणि खोकली. "मी कसली कारखान्यात? मी घर सोडून कुठे गेलेच नाही. नवरा होता तिथे. एकवीस वर्षं."

"त्यांचे कामाचे कपडे कोण धुवायचं?"

"मीच. दुसरं कोण धुणार?"

डॉक्टरांनी काहीतरी लिहून घेतलं. मग मान वर न करताच विचारलं, "घराला माळा आहे?"

बाबा खिडकीपाशी टोपी हातात धरून उभे होते. त्यांचा चेहरा मी पाहिला आणि समजले, की या प्रश्नाचा अर्थ त्यांना कळला आहे. मला अजून कळायचा होता.

आमचं गाव सिसिलीच्या दक्षिणेला, समुद्रापासून तासभर चालण्याच्या अंतरावर. जुनी घरं सगळी एकाच ठशाची. वर कौलं, खाली वासे, आणि वाशांना बांधलेली बोरूची चटई. चटईला खालून गिलावा दिला की झालं छत, आणि छत नि कौलं यांच्यामधली जागा म्हणजे माळा. थंडीत ठीक असायचं. पण आफ्रिकेकडून सिरोक्को हा गरम वारा सुटला की कौलं अशी तापत, की छताकडे नुसता हात वर केला तरी धग लागे. मी आठ वर्षांची असताना माझा भाऊ एलियो जन्मला, तोही जुलैत. विसाव्या दिवशी उष्म्याने त्याला झटके आले. आईने त्याला हौदाच्या पाण्यात धरून ठेवलं आणि रात्र काढली. पोर वाचलं. बाबांनी त्या दिवशी शपथ घेतली, की पुढचा उन्हाळा या घरात असा जाणार नाही.

बाबांचा कारखाना पत्र्यांचा होता. घरांवर घालतात ते राखाडी, नागमोडी पत्रे, आणि पाण्याचे नळ. मागच्या आवारात कामातून उरलेली अॅस्बेस्टॉसची पांढरी, तंतुमय भुकटी ढीग लागून पडलेली असे. हातात घेतली तर लोकरीसारखी मऊ. आम्ही तिला कापूसच म्हणायचो. बाबांनी मुकादमाला विचारलं. तो म्हणाला, "न्या हवी तेवढी. आम्हालाच टाकायला जागा नाही." बाबांनी तीन रविवार पोती वाहिली आणि माळ्यावर वीतभर थर अंथरला. त्या ऑगस्टमध्ये आमच्या घरात पाय टाकणारा माणूस दारातच थबकायचा. चर्चमध्ये शिरल्यासारखं गार वाटायचं.

मग काय, सगळी गल्ली आली. "मेस्त्री, आमच्याकडेही बघा की!" बाबा मेस्त्री नव्हतेच, यंत्रावरचे साधे कामगार. पण त्या उन्हाळ्यापासून ते कोर्रादो मेस्त्री झाले ते कायमचे. रविवार आला की कुणाच्या ना कुणाच्या माळ्यावर. पैसे कधी घेतले नाहीत. लोक अंडी द्यायचे, बदाम द्यायचे. आई फाटकी पोती शिवायची. बोरूच्या फटींतून पांढरी भुकटी खाली गळे, ती रोज सकाळी झाडायची, उशा दाराबाहेर झटकायची. "आमच्याकडे ऑगस्टातसुद्धा बर्फ पडतो," म्हणायची. आम्ही पोरं त्या बर्फात बोटांनी नावं लिहायचो.

आईचा आजार फुप्फुसाच्या आवरणाचा होता, त्या कापसाच्या धुळीनेच होणारा. आठ महिन्यांत गेली. शेवटच्या दिवसांत तिला दोन शब्दांमध्ये थांबावं लागे. एकदा मी चमच्याने तिला बदामाचं सरबत पाजत होते, तेव्हा ती बाबांना म्हणाली, "कोर्रादो, लोकांना सांग."

"कुठल्या तोंडाने सांगू?"

"त्याच. तेव्हा ज्याने बोलावलं त्याला सांगितलंसच ना, तुमच्याकडेही घालून देतो म्हणून?"

बाबा उठून बाहेर गेले.

आई गेल्यावर त्यांनी चौदा महिने तोंड उघडलं नाही. मी विषय काढला की म्हणायचे, "हलवलं नाही तर तो कापूस काही करत नाही. डॉक्टरच म्हणाले." डॉक्टर तसं म्हणाले होते खरे. ते अर्धंच म्हणणं होतं, फटींतून भुकटी न हलवताही गळत होती, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. आणि मी तरी कुठे सांगितलं? मी गावच्या पोस्टात खिडकीवर बसते. गल्लीतली सगळी म्हातारी माणसं महिन्याच्या एक तारखेला माझ्यासमोर रांग लावतात. मी त्यांना पेन्शन मोजून दिली, तब्येतीची चौकशी केली, आणि गप्प राहिले.

समोरच्या घरातला यानो मुलीच्या लग्नासाठी माळा उपसून तिथे खोली काढत होता. त्याने आम्हाला विचारायचं काही कारण नव्हतं. एका सकाळी बाबा दाढी करत असताना त्यांना खिडकीतून दिसलं, की यानोच्या माळ्याच्या झरोक्यातून पांढरा धूर निघतो आहे. ते तोंडाला साबण तसाच ठेवून, सपाता घालून धावले. मी मागोमाग.

"यानो! थांब! खाली उतर!"

यानोने फावडं टेकवून खाली पाहिलं. भुवयासुद्धा पांढऱ्या झालेल्या. "काय मेस्त्री, घाबरलात? तुमचीच कारागिरी उपसतोय. पस्तीस वर्षं टिकली की हो!"

"उतर म्हणतो ना. पोरीला बाहेर काढ. दारं लावून घे."

त्याची मुलगी रोझाल्बा जिन्यात झाडू घेऊन उभी होती. बाबांनी तिथेच, तिच्यासमोर सांगितलं. जास्त शब्द नव्हते. हा कापूस विषारी आहे, माझी सान्तीना यानेच गेली, हा मीच इथे आणला.

यानो फावडं ठेवून खाली आला. मग एवढंच विचारलं, "तुम्हाला कधीपासून माहीत आहे?"

"सान्तीना आजारी पडली तेव्हापासून."

"म्हणजे दोन वर्षं होत आली." त्याने मुलीकडे पाहिलं. "आठ दिवस झाडतेय पोरगी, मेस्त्री. आठ दिवस. समोर राहता तुम्ही."

बाबांच्या गालावरचा साबण वाळून गेला होता.

त्या दिवसापासून बाबा एकेका घरी गेले. मी बरोबर येते म्हटलं तर नको म्हणाले, पण मी गेलेच. कुणी शिव्या घातल्या. कुणी हसण्यावारी नेलं: "मेस्त्री, आमचं वय बघा! आता कापूस मारेल की कपाळ, काय फरक पडतो?" एकाने दार उघडलंच नाही, आत टीव्हीचा आवाज मोठा केला. गल्लीच्या टोकाला व्हेनेरा मावशीचं घर. तिचा नवरा तूरी बारा वर्षांपूर्वी छातीच्या दुखण्याने गेला होता. सिगारेटी ओढायचा, म्हणून कुणी वेगळा विचार केला नव्हता.

मावशीने आम्हाला बसवलं, कॉफी ठेवली. बाबांनी सांगितलं. तिने कॉफी गाळली, कपात ओतली, आमच्यासमोर ठेवली आणि उभीच राहिली.

"त्याला मी मरेपर्यंत शिव्या दिल्या," ती म्हणाली. "कोर्रादो, ऐकतोस ना? तो खोकायचा आणि मी म्हणायचे, ओढ अजून, ओढ! दवाखान्यातसुद्धा म्हटलं. मेल्यावर कबरीवर जाऊन म्हटलं. आणि तू त्याच्या शवपेटीला खांदा दिलास."

"मला तेव्हा ठाऊक नव्हतं, व्हेनेरा."

"नसेल. पण आता कॉफी पी आणि जा. परत येऊ नकोस."

बाबांनी कॉफी प्यायली. कप बशीत ठेवला आणि ते उठले.

पुढे नगरपालिकेची माणसं आली, दारांवर कागद चिकटवून गेली. दीड वर्षाने पांढरे झगे आणि मुखवटे घातलेले कामगार आले, त्यांनी ज्यांनी-ज्यांनी सह्या दिल्या त्यांचे माळे रिकामे केले. गल्ली चार आठवडे बंद. माळे स्वच्छ झाले आणि वर उरली ती नुसती कौलं. पस्तीस वर्षांपूर्वी होती तशी. फरक इतकाच, की तेव्हा त्या घरांत तरुण माणसं राहत होती.

हे बाबांच्या डोक्यात आधीच आलेलं होतं. त्यांनी ऊन अडवायला बेटाच्या दुसऱ्या टोकाहून बुचाचे तक्ते मागवले. बुचाच्या झाडाची साल दाबून केलेले, तपकिरी, हलके. त्यात घातक काही नाही, याचा दाखला त्यांनी स्वतः जाऊन आणला, आणि तो कागद घडी करून खिशात ठेवायचे. आमच्या घरी यानोने तक्ते बसवले. हो, यानोनेच. तो बाबांशी बोलत नव्हता, पण काम करून गेला. मला म्हणाला, "ते वर चढले तर पडतील. मग ते पापही आमच्याच माथी."

व्हेनेरा मावशीचाही माळा रिकामा झाला होता; बाबांनी तिच्यासाठीही तक्ते आणवले. हातगाडीवरून तिच्या दाराशी नेऊन रचले. तिने ते आत घेतले नाहीत. मी समजावायला गेले तर म्हणाली, "नुन्झिया, त्याच्या हातचं माझ्या छपरावर पुन्हा काही चढणार नाही. भाजेन, पण चढणार नाही." हिवाळ्यात पावसाने ते तक्ते भिजले, फुगले. तिने कोंबड्यांच्या खुराड्याला लावून टाकले.

त्या जुलैत सिरोक्को सहा दिवस टिकला. दुसऱ्या दिवशी बाबा म्हणाले, "तिला आपल्याकडे घेऊन ये. मी तुझ्या मामाकडे जाऊन राहतो. तिला सांग, घरात तो नाही."

मी गेले. मावशी अंगणाच्या पायरीवर बसून पायांवर पाणी ओतत होती. चेहरा विटेसारखा लाल. "भिंती तर त्याच्याच ना?" ती म्हणाली. मी हात धरला, तिने सोडवून घेतला. तिच्या भाचीला फोन केला, भाची कातानियाला राहायची, म्हणाली रविवारी येते. मी पंखा नेऊन दिला. चौथ्या दिवशी सकाळी पोस्टात जाताना बर्फ घेऊन गेले, तर पंखा चालू होता आणि मावशी पलंग आणि भिंत यांच्यामधल्या जागेत पडलेली. श्वास चालू होता. अंग इतकं तापलेलं, की मी पहिल्यांदा हात मागे घेतला. त्या हात मागे घेण्याची मला आजही लाज वाटते.

दवाखान्यात नेलं, तिथे दुसऱ्या दिवशी ती वारली.

मी घरी आले तेव्हा बाबा स्वयंपाकघरात बसले होते. "फुप्फुसं?" त्यांनी विचारलं.

"नाही. उष्मा. फुप्फुसं चांगली होती म्हणाले."

बाबांनी टेबलावरचे पावाचे कण एका बाजूला गोळा केले. "म्हणजे मी तेव्हा गप्प बसलो असतो, तर आज ती जिवंत असती."

मी म्हणाले, "बाबा, तसं नसतं."

"मग कसं असतं? सांग ना. तू शिकलेली आहेस."

मी पाणी आणून दिलं. त्यांनी ते प्यायलं नाही.

व्हेनेरा मावशीच्या अंत्ययात्रेला बाबा गेले, पण चर्चच्या बाहेर उभे राहिले, उन्हात. कुणी आत बोलावलं नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी यानो आमच्याकडे आला. दोन वर्षांत पहिल्यांदा खुर्ची ओढून बाबांच्या समोर बसला.

"गल्लीत अजून सहा घरं नुसत्या कौलांखाली आहेत," तो म्हणाला. "चार घरांत म्हातारी माणसं एकटी. तक्ते कुठून आणलेत ते सांगा."

"मी कुणाच्या छपराला हात लावणार नाही."

"तुम्हाला हात लावायला कोण सांगतंय? पत्ता द्या म्हणतोय."

बाबांनी खिशातून घडी घातलेला दाखला काढून त्याला दिला; पत्ता त्यावरच होता.

सप्टेंबर सरेपर्यंत सहांपैकी पाच घरं झाली. पहाटे पाच ते आठ, कौलं तापायच्या आत. यानो कापून लावायचा, मी खालून तक्ते द्यायचे आणि मग पोस्टात जायचे. सहाव्या घरातल्या म्हाताऱ्याने आम्हाला उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नाही. रोझाल्बाची दर वर्षी छातीची तपासणी होते, माझी आणि एलियोचीही. अजून तरी कागद कोरे आहेत. डॉक्टर म्हणतात, तीस-चाळीस वर्षं लागतात. त्यामुळे रोझाल्बाच्या कोऱ्या कागदाला काही अर्थ नाही. तिला ते माहीत आहे. ती यानोला सांगत नाही.

बाबा पुढच्या फेब्रुवारीत गेले, झोपेत. एकवीस वर्षं त्या धुळीत काम केलेला माणूस, म्हणून दवाखान्याने शरीर तपासायला मागितलं. मी होकार दिला. फुप्फुसांत धूळ भरपूर सापडली, आजार कुठेच नव्हता. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. मला बरं वाटावं म्हणून म्हणाल्या, "नशीबवान होते तुमचे वडील."

मी त्यांचे आभार मानले आणि सही केली.