नीताकडच्या किल्ल्या

“अहो, नुसते बघत काय उभे राहिलात? तेल आणा.”

नीताने पुन्हा जोर लावला. किल्ली आत गेली होती, पण फिरायचं नाव घेत नव्हती. स्नेहलच्या दाराखालून पाण्याचा ओघळ निघून जिन्यावर उतरायला लागला होता. सकाळी टाकी रिकामी होती, तेव्हा तिच्याकडचा कुठला तरी नळ उघडा राहिला असणार. आता टाकी भरली आणि घरात तळं साचलं. ती आणि तिचा नवरा निनाद, दोघंही बेलापूरला आपापल्या ऑफिसात.

आमचं घर खालच्याच मजल्यावर. मी जाऊन खोबरेल तेलाची बाटली घेऊन आलो. लॅचमध्ये तेल सोडायला वाकलो आणि हात थांबला. लॅच नवं कोरं होतं. पितळ चकाकत होतं आणि भोवतीचं पॉलिश नुकतंच खरवडलेलं दिसत होतं.

“लॅच बदललंय गं यांनी,” मी म्हणालो.

“दिसलं मला,” ती म्हणाली. म्हणजे तिला ते माझ्या आधीच दिसलं होतं आणि तरीही ती किल्ली फिरवत राहिली होती.

मी गच्चीवर जाऊन त्यांच्या लाइनचा व्हॉल्व्ह बंद केला. खाली आलो तेव्हा नीता फोनवर होती. “हो, वरून बंद केलंय पाणी. नाही गं, किल्ली लागली नाही.” फोन स्पीकरवर होता. स्नेहल चाचरत म्हणाली, “काकू, ते लॅच खराब झालं होतं ना... नवी किल्ली तुम्हाला द्यायची राहूनच गेली.”

“असू दे. सावकाश ये, धावपळ करू नको,” नीताने सांगितलं आणि पोछा घेऊन जिना कोरडा करायला बसली. मला हात लावू दिला नाही.

हिच्याकडे बिल्डिंगच्या किल्ल्या कशा आल्या, ते सांगायला हवं. पनवेलला आम्ही राहायला आलो तेव्हा वरच्या मजल्यावरच्या उदयसिंहरावांची लेक दिपिका दोन वर्षांची होती. पोरीने आतून कडी घातली आणि बसली रडत. दार फोडावं लागलं. त्यांनी नवं लॅच बसवलं आणि दुसरी किल्ली आणून हिच्या हातात दिली. “वहिनी, तुम्ही घरात असता. असू द्या तुमच्याकडे.” एकाने दिली म्हणून दुसऱ्याने दिली. बघता बघता बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा भरला. कुणाची इस्त्री चालू राहायची, कुणाचं दूध गॅसवर राहायचं. बिल्डिंगमधल्या मनिषाच्या सासऱ्यांना चक्कर आली आणि आतून उत्तर येईना, तेव्हा हिनेच दार उघडून त्यांना तोंडावर पाणी मारून जागं केलं होतं. ते म्हातारबुवा जिवंत असेपर्यंत हिला ‘डॉक्टरीणबाई’ म्हणायचे.

आता किल्ल्या सांभाळायच्या तर घर सोडायचं नाही, हा नियम तिचा तिनेच केला. उरणला तिचा भाऊ राहतो. एसटीने तासाभराची वाट. पण आम्ही जोडीने तिथे कधी गेलो नाही. एक गेला की दुसरा घरी. भाच्याच्या लग्नात मी हळदीला जाऊन आलो आणि ती लग्नाला. नातेवाईक मला बाजूला घेऊन विचारायचे, “तुमचं दोघांचं बरं आहे ना?” मी टेलिफोन खात्यातून निवृत्त झालो तेव्हा म्हटलं, आता तरी फिरू. ती म्हणाली, “आणि कुणाला किल्ली लागली म्हणजे?” मी वैतागायचो. पण खरं सांगायचं तर तिला त्या डब्याचा केवढा आनंद होता, ते मला दिसत होतं. आयुष्यभर ना तिने नोकरी केली, ना कुठल्या मंडळाची अध्यक्ष झाली. तिचा हुद्दा त्या डब्यात होता.

मागच्या महिन्यात सोसायटीने घराच्या सुरक्षेवर व्याख्यान ठेवलं. कल्पना उदयसिंहरावांची, आता ते चेअरमन आहेत. पोलिसातून निवृत्त झालेले एक गृहस्थ आले. बोलले मात्र छान. गॅसची नळी तपासायला आलो म्हणणाऱ्याचं ओळखपत्र आधी बघा. दागिने चकचकीत करून देतो म्हणणाऱ्याला दारातूनच वाटेला लावा. गावाला गेलात तर फोटो परत आल्यावर टाका. मोबाइलवर आलेला नंबर कुणाला म्हणजे कुणालाही सांगू नका.

हे शेवटचं तिसऱ्या मजल्यावरच्या रंभाने इतकं मनावर घेतलं, की दुसऱ्याच दिवशी तिच्या नातीने मागवलेला मिक्सर घेऊन आलेला पोरगा दारात ताटकळत राहिला. तो म्हणतोय, “मावशी, ओटीपी सांगा.” ही म्हणतेय, “नाय सांगायची. साहेबानं सांगितलंय, कुनाला सांगू नको. तू बी त्यातलाच दिसतोस.” शेवटी नीताने मध्यस्थी केली, तेव्हा कुठे मिक्सर घरात आला.

तर त्या गृहस्थांनी शेवटी किल्लीचा विषय काढला. “किल्ली कामवालीकडे नको, वॉचमनकडे नको आणि शेजाऱ्याकडे तर मुळीच नको. शेजारी चांगलाच असतो हो. पण त्याच्याकडे येणारा-जाणारा कोण, ते तुम्हाला ठाऊक असतं का?” जो तो पंख्याकडे बघायला लागला. नीता मात्र पहिल्या रांगेत बसून जोरजोरात मान डोलवत होती. शेजारी म्हणजे आपणच, हे तिच्या डोक्यातच आलं नाही. मग तिने केलेले बटाटेवडे सगळ्यांनी मिटक्या मारत खाल्ले.

त्यानंतर आमच्याकडे किल्ली परत मागायला कुणी आलं नाही. आणि आता कळत होतं, का आलं नाही ते. भीड भिकेची बहीण म्हणतात. काकूंना वाईट वाटेल म्हणून स्नेहलने तोंड उघडलं नाही, गुपचूप लॅच बदललं आणि घरात गुडघाभर नाही तरी घोटाभर पाणी करून घेतलं.

दुपारी जेवण झाल्यावर नीताने डबा उचलला. “जरा वर जाऊन येते,” म्हणाली. मी पेपर तोंडावर घेऊन आडवा झालो. डोळा लागतोय तोच फोन वाजला. उदयसिंहराव होते.

“बाळासाहेब, जरा तिसऱ्या मजल्यावर या.” आवाज दबलेला. “नवीन कॅमेरे लावलेत ना, मला मोबाइलवर दिसतं. कुणीतरी दारांना किल्ल्या लावून बघतंय असं वाटलं. नीट बघितलं तर वहिनी.”

मी धावत वर गेलो. खरंच होतं. ती डबा काखेत धरून दारोदार फिरत होती. बहुतेक घरं नोकरीवर गेलेली. एक किल्ली काढायची, लावायची, फिरवायची आणि परत डब्यात टाकायची. कुणी परक्याने पाहिलं असतं तर पोलीसच बोलावले असते.

“नीता, काय चाललंय हे?”

“एकही लागत नाही हो,” ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. बाजारात पाकीट हरवल्यावर माणूस बोलतो तशी ती बोलत होती. “मला वाटलं, स्नेहल नवीन पिढीची, तिने बदललं असेल. मनिषानेसुद्धा बदललं.”

तेवढ्यात उदयसिंहराव जिना चढून आले. त्यांचं दार तिथेच समोर. नीताने डब्यातून त्यांची किल्ली शोधून काढली. हिच्याकडे आलेली ती सगळ्यात पहिली किल्ली, झिजून गुळगुळीत झालेली.

“भाऊ, ही तुमची. लावून बघू?”

उदयसिंहराव धिप्पाड माणूस. सोसायटीच्या सभेत आवाज चढवला की काचा हलतात. ते खाली मान घालून म्हणाले, “नका लावू, वहिनी.”

त्यांनी आपल्या नव्या लॅचवर हात ठेवला.

“दिपिका म्हणाली, सगळेच बदलतायत तर आपणही... तुमच्यावर अविश्वास म्हणून नव्हे हो.”

“ते कळतं मला,” नीता म्हणाली. “पण मागितली असती तर मी दिली नसती का? नव्या लॅचला एवढे पैसे खर्च केलेत, माझ्याकडे चार शब्द खर्च करायचे होते.”

कोपऱ्यातल्या दारातून रंभा बाहेर आली. तिचं दार दिवसभर सताड उघडं असतं. उरणकडच्या गावातली शेती गेली आणि त्या पैशातून मुलाने इथे फ्लॅट घेतला, तरी हिची गावातली सवय गेली नाही. सगळा प्रकार ऐकून घेऊन ती म्हणाली, “माजी किल्ली हाय ना तुज्याकडं?”

“आहे.”

“मंग झालं. मी काय बदललं नाय, बाय. बदलून करू काय? दार तर मी लावतच नाय.”

नीता त्या दिवसात पहिल्यांदा हसली. उदयसिंहरावांनीही संधी साधून हसून घेतलं.

संध्याकाळी स्नेहल मुलाला कडेवर घेऊन थेट आमच्याकडे आली. पलंगाखालच्या बॅगा भिजल्या होत्या, निनाद वर घर पुसत होता. तिने नवी किल्ली टेबलावर ठेवली. “काकू, लॅच खराब नव्हतं झालं. मी खोटं बोलले. ही ठेवा तुमच्याकडे, प्लीज.”

मला वाटलं, नीता लगेच डबा उघडेल. त्या किल्लीसाठी तिचा जीव किती तुटतोय, ते मला ठाऊक होतं. तिने ती हातात घेतली, उलटसुलट करून पाहिली आणि स्नेहलच्या पर्समध्ये घातली.

“नको गं. त्या गृहस्थांचं बरोबर आहे. माझ्याकडे दिवसभर दहा माणसं येतात-जातात आणि डबा फ्रिजवर उघडा असतो. उद्या तुझ्याकडे काही कमीजास्त झालं, तर तू मला विचारणार नाहीस. लॅच बदलताना विचारलं नाहीस, तसंच. मनात ठेवशील आणि मला ते तुझ्या तोंडावर दिसेल. त्यापेक्षा एक किल्ली कळंबोलीला आईकडे ठेव. आणि निघताना नळ बघत जा.”

मला वाटलं होतं रडली तर नीता रडेल. रडली स्नेहल. नीताने तिला चहा दिला आणि पोराला बिस्किट. माझ्या बायकोचा मला त्या वेळी फार अभिमान वाटला.

दिवे लागल्यावर तिने घरोघर जाऊन जुन्या किल्ल्या परत दिल्या. “आता भंगारातच टाका,” असं हसत सांगून आली. भीड कुठे जाते हो? रिकाम्या हाताने हिला कुणी पाठवेना. परत आली तेव्हा डब्यात दोन नारळ, मनिषाने दिलेला चिवडा, उदयसिंहरावांकडची कंदी पेढ्यांची पुडी आणि खाली रंभाची एकुलती एक किल्ली.

पुढचे काही दिवस तिला करमेना. बेल वाजली की पदराला हात पुसत उठायची आणि दारात दूधवाला बघून हिरमुसायची. मी उगाच विनोद करत राहिलो. मग एका सकाळी पोहे परतता परतता, माझ्याकडे न बघता ती म्हणाली, “अहो, रविवारी उरणला जायचं का? दोघांनी?”

मी लगेच हो म्हटलं. विचार करायला वेळ दिला असता तर ती फिरली असती.

रविवारी तिने ठेवणीतली साडी नेसली. गॅस बंद केला, खिडक्या लावल्या, नळ दोनदा तपासले. दार ओढून घेतलं, किल्ली फिरवली, कडीला हिसका देऊन बघितला. आणि किल्ली हातात धरून तशीच उभी राहिली. मी म्हटलं, “पर्समध्ये टाक की.” ती पर्सकडे वळली नाही, जिन्याकडे वळली.

रंभा दारातच कोळंबी सोलत बसली होती.

“उरणला चाललोय दोघं. संध्याकाळी येतो. ही ठेव,” नीताने किल्ली पुढे केली.

रंभाने हात लुगड्याला पुसले, पण किल्ली घेतली नाही. “त्यो साहेब काय म्हनला होता? शेजाऱ्याकडं देऊ नको. तू तर मान हलवीत होतीस, मी बघितलं.”

“म्हणाला होता.”

“मंग?”

नीताने किल्ली तिच्या आणखी जवळ नेली. मग ती म्हणाली, “मंग काय. तू ठेव.”

रंभाने किल्ली घेऊन कनवटीला खोचली आणि वरून हात दाबून बघितला. “जा बिनघोर,” म्हणाली. “आज मी दार लावून बसते.”

एसटीत खिडकीची जागा मिळाली. पनवेलच्या बिल्डिंगा संपल्या, तशी नीता एकदम म्हणाली, “अहो, रंभाला सांगायचं राहिलं. आपली किल्ली जरा वर उचलून फिरवावी लागते.”

“फोन करून सांग.”

तिने फोन काढला, थोडा वेळ हातात धरला आणि परत पर्समध्ये ठेवला. “जमेल तिला,” म्हणाली. मग दोन्ही हात मांडीवर मोकळे ठेवून ती बाहेर बघत बसली. खारा वारा लागायला लागला, तेव्हा तिने डोळे मिटले.