खाऱ्या पाण्यातली चाचणी

शेषगिरींनी नवं घड्याळ बांधलेला हात कोपरापर्यंत बादलीत बुडवला आणि ते ओरडले,

“लाव!”

नेत्रानं स्वयंपाकघरातून फोन लावला. घड्याळ गप्प. त्यांनी हात वीतभर वर घेतला, तेव्हा ते थरथरलं आणि वाजायला लागलं. पाण्यात आधीच तीन मुठी मीठ विरघळवलेलं होतं. चाचणी म्हणजे चाचणी.

“बुडाल्यावर लागत नाही, वर आल्यावर लागतो,” त्यांनी टॉवेलला हात पुसत निकाल दिला. “तू पाण्याखाली किती वेळ असतेस?”

“बरं चाललं असलं तर अजिबात नाही.”

“मग पास.”

घड्याळ काल कोप्पीकर रोडवरून आणलेलं होतं. दुकानदारानं बिल करताना विचारलं होतं, “हुब्बळ्ळीत समुद्र कुठनं आणणार, सर?” शेषगिरींनी उत्तर दिलं नव्हतं. वीज खात्यात एकतीस वर्षं मीटर तपासण्यात गेलेल्या माणसाला दुकानदारांच्या विनोदावर हसायची सवय नसते.

नेत्रा रामेश्वरला असते, हे ऐकून देशपांडे नगरातली अर्धी मंडळी हात जोडायची. बेंगळुरूची नोकरी सोडून पोरगी देवाला लागली, असा त्यांचा समज होता, आणि शेषगिरींनी तो मोडला नव्हता. भल्यामोठ्या पतंगाला स्वतःला बांधून घेऊन, पायाखालच्या फळीवरून लाटांवर धावायचं, वाऱ्यानं उचललं की दोन मजले वर जायचं, आणि हे लोकांना शिकवून पोट भरायचं, असं सांगण्यापेक्षा रामेश्वर सोपं पडे. परवा आईचं वर्षश्राद्ध झालं. आज दुपारच्या गाडीनं ती परत निघणार होती. पुढच्या महिन्यात तिची स्पर्धा होती आणि त्यासाठी एक यंत्र घ्यायचं होतं. कुठलं, एवढाच प्रश्न होता.

शेषगिरींनी त्याचा तक्ता केला होता. जुन्या तपासणी अहवालांच्या पाठच्या कोऱ्या बाजूवर, पट्टीनं रेघा मारून. एकीकडं फळीवर बसवायचं काडेपेटीएवढं यंत्र, ते उडीची उंची मोजतं. दुसरीकडं सिमकार्डाचं घड्याळ, ते वेग मोजतं, उंचीही सांगतं, आणि त्यावर फोन येतो. नेत्रानं तक्ता हातात घेतला आणि उभ्यानंच वाचला.

“अप्पा, घड्याळाला उंचीत शंभरातले बाराच?”

“मनगट हलतं की. उंची फुगते त्यानं. तुझी सहा मीटरची उडी ते आठ सांगेल. फळी खोटं बोलत नाही.”

“आणि तरी पहिला नंबर घड्याळाचा?”

“बेरीज बघ.”

तिनं बेरीज बघितली. शेवटचा रकाना होता ‘फोन लागतो का’. त्याला पन्नास गुण होते.

“हे काय?” ती हसली. “मास्तरच पेपर फोडायलेत. परीक्षक कोण ह्या स्पर्धेचे, तुम्हीच ना? मला उड्या मोजायच्यात, अप्पा. गप्पा नाही मारायच्या.”

“एकदा फोन लागला नाही आपल्याला,” शेषगिरी तक्त्याकडं बघत म्हणाले. “परत तसं नको.”

ती हसायची थांबली.

वर्षभर ते सगळ्यांना हेच सांगत आले होते. दवाखान्यातून फोन केला होता, पण पोर समुद्रात होती. तिथं फोन कुठला? मथुरामावशी श्राद्धाच्या पानावर बसूनसुद्धा “शेवटी आईशी बोललीसुद्धा नाही गं” म्हणाल्या, तेव्हाही वाढता वाढता थांबून शेषगिरींनीच उत्तर दिलं होतं. दोष यंत्राचा होता. यंत्र बदललं की दोष जातो. निदान त्यांच्या खात्यात जायचा.

नेत्रानं खुर्ची ओढली आणि बसली.

“कॉल येणारं नको मला.”

“का?”

“अप्पा, त्या दिवशी फोन होता माझ्याजवळ.” तिनं तक्त्यावरच्या रेघेवर नख फिरवलं. “प्लास्टिकच्या पिशवीत, छातीशी. नेहमी असतो. वाजला होता. दोनदा. मी बघितलं, आईचा नंबर. रोज चारला यायचाच की तिचा, जेवलीस का म्हणून. तुम्ही दवाखान्यात आहात हे मला ठाऊकच नव्हतं. आणि वारं इतकं चांगलं लागलं होतं… म्हटलं, तासाभरानं करीन.”

बाहेर रिक्षावाला कुणाला तरी कन्नडात पत्ता विचारत होता. त्याला तो मिळेपर्यंत शेषगिरी ऐकत राहिले.

त्या दिवशी ऑपरेशनसाठी आत नेण्याआधी त्यांच्या बायकोनं, वत्सलानं, चष्मा मागून घेतला होता आणि नंबर स्वतः लावला होता. शेवटची रिंग संपेपर्यंत फोन कानाशी धरला. मग पुन्हा लावला. “उचलत नाहीय,” ती म्हणाली होती. “वारं चांगलं असणार आज.” मग बांगड्या काढून, मोजून त्यांच्या रुमालात ठेवल्या, वर फोन ठेवला आणि नर्सला म्हणाली, “चला.” चांगली स्पष्ट म्हणाली होती.

शेषगिरींनी मनगटावरचं घड्याळ सोडलं. पट्टा ओला होता, वेळ लागला.

“तो फोन मी केला होता,” ते म्हणाले.

नेत्रानं मान वर केली.

“तिच्या फोनवरून. दोन्ही वेळा मीच. वत्सला तेव्हा शुद्धीत नव्हती. तू उचलला असतास तरी माझ्याशीच बोलली असतीस. आणि मी काय बोलणार होतो?”

त्यांनी पेन घेतलं, शेवटच्या रकान्यावर पट्टी ठेवली, वरपासून खालपर्यंत सरळ काट मारली आणि बेरीज नव्यानं केली.

“फळीवरचं मागव. ते अचूक आहे.”

“म्हणजे तिला कळलंच नाही? मी उचलला नाही ते?”

“नाही,” शेषगिरी म्हणाले आणि उठले. “चल, डबा भरतो तुझा. स्टेशनला जायला रिक्षा मिळत नाही ह्या वेळी.”