बास्केटखालची वेदी

प्रवेशाचे दिवस आले की पालकांना शाळा दाखवायचं काम माझ्याच गळ्यात पडतं. लॅब, लायब्ररी, स्विमिंग पूल. बोलून बोलून घशाला कोरड पडते. आज त्यांना घेऊन बास्केटबॉलच्या हॉलमध्ये पोचले. पूर्वी हेच आमचं चॅपल होतं. नवीन पुढच्या वर्षी बांधू, असं फादर दरवर्षी सांगतात.

तेवढ्यात आमच्या म्हाताऱ्या सिस्टर आत आल्या. वेदीच्या जागी आता बास्केट आहे. तरी सवयीने त्या बास्केटसमोरच त्यांनी गुडघा टेकला, क्रूसाची खूण केली. उठता येईना. रोजच्यासारखा मी हात दिला.

"काही हरवलं का हो त्यांचं?" एका आईने विचारलं.

"चॅपल," मी म्हटलं, आणि सगळ्यांना पूल दाखवायला घेऊन गेले.