सव्वाआठचा नर

आमच्या शिकारीच्या झोपडीत दाराशेजारच्या फळीवर आजोबांच्या काळापासून पेन्सिलीने लिहिले जात आले आहे. हरीण कुणाला दिसले, कुठे, आणि किती वाजता. त्याखेरीज तिच्यावर काही नाही. आई गेली ते वर्षही ओळखता येते ते केवळ त्या नोव्हेंबरची जागा कोरी राहिली म्हणून.

हरणे आपल्या वाटा सहसा सोडत नाहीत. बाबांच्या मचाणापुढून गेलेले हरीण माझ्यापुढे किती वेळाने यावे, हे फळीवरच्या जुन्या वेळा पाहून काढता येते. म्हणूनच पहाटे निघण्यापूर्वी आम्ही चौघे, बाबा, त्यांचे धाकटे भाऊ सुलोकाका, माझी थोरली बहीण हेल्मी आणि मी, आपापली घड्याळे काकांच्या घड्याळाशी जुळवून घेतो.

त्या पहाटे बाबांनी खिशातले घड्याळ काकांपुढे धरले. त्याची काच उन्हाळ्यात फुटली होती आणि ती बसवू देण्यास ते तयार नव्हते.

“ओनी, आत बर्फ जाईल की रे,” काका म्हणाले.

“जाऊ दे. वेळ काय विरघळणार आहे?”

हेल्मी हसली. मीही हसलो.

सुपीरियर सरोवरावरून रात्रभर बर्फ येत राहिले होते. उजाडल्यावरही उजेड राखेसारखाच होता. मचाणावर बसून मी स्वतःच्या श्वासाची वाफ पाहत होतो. साडेआठच्या सुमारास सीडरच्या झाडांमागून काहीतरी येताना दिसले. मी बंदूक उचलली नाही. लाल-काळ्या चौकड्यांचा लोकरी कोट लगेच ओळखू आला. खांद्यावर घडीचे स्टूल उलटे टाकून हेल्मी येत होती.

“माझ्या मचाणाची फळी मोडली,” ती खालून कुजबुजली. “सरक जरा. आणि कॉफी दे, पाय गेलेत माझे.”

त्यानंतर दुपारपर्यंत आम्हा दोघांपुढे एकही हरीण फिरकले नाही.

जेवायला झोपडीत परतलो तेव्हा काकांनी चुलीवर मांस-बटाटा भरलेल्या, करंजीसारख्या पास्ट्या गरम केल्या होत्या. वेलची घातलेला पाव कापला जात होता. बंदुका रिकाम्या करून दाराशी टेकवल्या होत्या. काका पेन्सिलीला टोक काढून फळीपाशी उभे राहिले. सुरुवात नेहमी बाबांपासून होते.

“सव्वाआठ,” बाबा म्हणाले. “सीडरपाशी. नर. मोठा.”

“सव्वाआठ!” काकांनी लिहिले. “मग सोडलास कशाला? म्हातारा झालास?”

“नेम धरला होता. चापावर बोट होतं. शिंगं मोजत होतो, चार टोकं मोजली. तेवढ्यात खाली वाकला, बुंध्याआड गेला. परत वर आला तोवर धुकं.” बाबांनी पावाचा तुकडा कॉफीत बुडवला. कितीतरी महिन्यांनी त्यांच्या चेहऱ्यावर रंग होता. “दुपारी येईल तो. त्याच वाटेनं परत फिरेल. आता नाही सोडत.”

हेल्मीच्या हातातला काटा ताटावर टेकला आणि तसाच राहिला. तिने माझ्याकडे पाहिले. मग मान किंचित हलवली: नको.

मी मनाशी पळवाट शोधू लागलो. घड्याळ चुकले असेल; पण पहाटेच ते जुळवले होते. मागून दुसरे हरीण आले असेल. पण सकाळच्या ताज्या बर्फात सीडरपासून माझ्यापर्यंत माणसाच्या बुटांखेरीज एकही खूण नव्हती. येताना मी ती वाट स्वतः तुडवली होती. स्टुलाला पाय चारच होते.

“ताउनो, तुझ्याकडे यायला हवा मग तो,” काका फळीकडे पाहून म्हणाले. “साडेआठला. काय करत होतास? घोरत होतास की कविता करत होतास?”

लहानपणापासून माझे शब्द घशाशी येऊन माघारी फिरतात. पण आणखी तासाभरात बाबा बंदूक भरून पुन्हा त्याच मचाणावर चढणार होते, आणि त्यांच्यापुढून आम्हीच चालत जाणार होतो. मी उठलो, काकांच्या हातातून पेन्सिल घेतली आणि बाबांच्या ओळीखाली लिहिले. काकांनी ते वाचले.

“काय लिहिलंस?” बाबांनी विचारले.

ते फळीपासून दोन हातांवर बसले होते. अक्षरे बोटाएवढी होती.

“बाबा, तुम्हीच वाचा ना,” मी म्हणालो.

ते फळीकडे पाहत राहिले. त्यांची नजर मात्र ओळीच्या बरीच बाजूला, कोऱ्या लाकडावर होती. त्यांचा अंगठा खिशातून काढलेल्या घड्याळावरून फिरत होता, उघड्या काट्यांवरून, एकदा आणि पुन्हा एकदा. काच का बसवली नाही ते मला तेव्हा कळले.

“तू वाच,” ते म्हणाले.

“साडेआठ,” मी म्हणालो. माझा आवाज मलाच परका वाटला. “सीडरकडून. हेल्मी. खांद्यावर स्टूल.”

चुलीत लाकूड फुटले.

“हेल्मी,” बाबा म्हणाले, “तू वाकली होतीस?”

“बुटाची नाडी सुटली होती, बाबा.”

“पलीकडच्या बाजूला? बुंध्यामागे?”

“हो.”

त्यांनी मान हलवली, एखाद्याने पत्ता नीट समजावून दिल्यावर हलवावी तशी. मग कोटाच्या खिशातून काडतुसे काढली आणि साखरेच्या डब्यात एकेक करून टाकली. डबा त्यांनी हेल्मीकडे सरकवला. ती घेईना, म्हणून तो त्यांच्या दोघांच्या मध्येच राहिला.

काका फळीवरची बाबांची ओळ अंगठ्याने पुसू लागले.

“काय करतोस?” बाबांनी आवाजावरून ओळखले असावे. “राहू दे ते.”

“पण ओनी, नर नव्हता तो.”

“वेळ तर बरोबर आहे ना? मग पुसू नकोस.”

दुपारी बाबा आमच्याबरोबर आले नाहीत. दारात उभे राहून ते आमच्या पावलांचे आवाज ऐकत राहिले, आणि वळण येईपर्यंत मी मागे पाहिले नाही.

उतरत्या उजेडात माझ्यापुढे एक हरीण आले. मी बंदूक खांद्याला लावली आणि आधी पाय मोजले. मग कान पाहिले, शेपूट पाहिली, पुन्हा पाय मोजले. ते बराच वेळ उभे होते. माझी खात्री झाली तेव्हा तिथे नुसती झाडे होती.

झोपडीत परतलो तेव्हा दिवा लावलेला नव्हता. बाबा टेबलाशी बसले होते. डबा होता तिथेच होता.

“दिसलं का काही?”

“एक दिसलं, बाबा.”

“किती वाजता?”

मी घड्याळ पाहिलेच नव्हते.